हिमालयनची वायरिंग नव्यानं करून घेतली, नाना पेठ, पुणे

गाडी रॉयल एनफिल्डची हिमालयन ४११, मोटरसायकल. मागच्या पावसाळ्यात ताम्हिणीत अंधार पडता पडता फॉग लाईट गेल्या त्या गेल्याच, वर हेडलाईटपण मिणमिणायला लागली, मागं बायको बसलेली, कसेबसे खाली उतरलो. दुसऱ्या दिवशी टाकी काढून बघितलं तर आधीच्या दुकानदारानं हेडलाईटचीच वायर सोलून, त्याला फॉग लाईटची पिळून, वरून काळी टेप गुंडाळलेली. रिले (बारीक करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, फ्यूज नाही, टेपचा डिंक उन्हानं वितळून जोड उघडा. एवढा राग आला ना! यात माणसं मरतात हो.

मग मित्रानं नाना पेठेतल्या एका वायरिंगवाल्या काकांकडं पाठवलं. दुकान एवढंसं, पण काम बघून मन भरलं. पहिला अर्धा तास काकांनी पाना हातात घेतलाच नाही. हँडल पार डावीकडं, पार उजवीकडं फिरवून वायर कुठं ताणेल ते बघितलं, पुढचं सस्पेन्शन दाबलं, बेंड पाईपची (इंजिनातनं निघणाऱ्या सायलेन्सरच्या नळीची) गरमी कुठवर येते ते विचारलं, आणि मगच जागा ठरवल्या. रिले त्यांनी पिना खाली करून लावला, म्हणजे पाणी शिरलं तरी साचणार नाही. असलं कुणी सांगत नाही.

लाईट ४० वॅटच्या दोन. कागदावर ८० वॅट भागिले बॅटरीचे १२ व्होल्ट केलं, साडेसहा-सात अँपिअर, म्हणून फ्यूज १० चा, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ, कारण "फ्यूज वायरला वाचवायला असतो रे, लाईटला नाही, वायर मधेच घासली तर फ्यूज तिच्या आधी पाहिजे". तिथून लाईन रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला, ८७ नंबरच्या पिनेवरून लाईटला, आणि हँडलवरच्या स्विचमधनं फक्त रिले चालू करणाऱ्या कॉईलची बारीक वायर, ती पार्किंग लाईटवरनं घेतलेली. किल्ली काढली की सगळं बंद, विसरलं तरी बॅटरी उतरत नाही. आधी स्विच हाताला गरम लागायचा, आता अजिबात नाही. प्रत्येक जोड क्रिंप करून (धातूच्या टोपीत दाबून) वर हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी), सगळं स्लीव्हमधनं नेलेलं, आणि टाकीखाली कपलर (हातानं सुटणारा जोड) दिलाय त्यामुळं टाकी काढायची तर वायर कापायला लागत नाही.

एक तक्रार आहे. मोबाईलचा चार्जर हँडलवर तोंड वर करून बसवला होता, पहिल्याच पावसात त्यात पाणी. परत गेलो तर काकांनी काही न बोलता खाली वळवून दिला, पैसे घेतले नाहीत. लाईटचा झोत पण आधी जरा वर होता, समोरच्याच्या डोळ्यात जात होता, तो मीच रात्री भिंतीसमोर गाडी लावून खाली केला. तुम्ही निघायच्या आधीच चेक करून घ्या.

त्यानंतर आंबोली, गणपतीपुळे, परत आंबा घाट, सगळं पावसात झालं, एकदाही काही नाही. व्होल्टमीटर चालत्या गाडीवर १४ च्या आसपास असतो, सिग्नलला फॉग लाईट चालू ठेवल्या तर १३ च्या खाली येतो, म्हणजे चार्जिंग कमी पडतं, म्हणून तिथं बंद करतो.

मजुरी १५०० आणि सामान वेगळं. पूर्ण दिवस जातो, पार्किंगची बोंब आहे, सकाळी लवकर जा. आणि लाईट किती वॅटची आहे ते खोक्यावर बघून जा, काका पहिलं तेच विचारतात.