बँकेनं ओडीवर जादा चार्जेस कापले: लोकपालाकडं जायचं की ग्राहक आयोगाकडं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या मेहुण्याचं लेथचं वर्कशॉप आहे. वर्षाचा खाते उतारा घेऊन तो घरी आला, तेव्हा त्यात पाच ठिकाणी लाल पेनानं गोल केले होते. प्रत्येक गोलात ५९० रुपये. पाचशे दंड, वर नव्वद जीएसटी. त्यातल्या तीन वेळा ओडीची (ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात पैसे नसतानाही ठरलेल्या मर्यादेपर्यंत उचलायची सोय) लिमिट दोन दिवसांसाठी साडेतीनशेच्या आसपास ओलांडली होती, तीही बँकेनंच महिन्याचं व्याज टाकल्यामुळं.

आम्ही आधी ओडीचं मंजुरीपत्र काढलं. त्यात लिहिलं होतं, जादा उचललेल्या रकमेवर वार्षिक दोन टक्के दंड. साडेतीनशे रुपयांवर दोन दिवसांचे दोन टक्के म्हणजे चार पैसेसुद्धा होत नाहीत. कापले पाचशे!

म्हणून कुठंही जायच्या आधी मंजुरीपत्र आणि उतारा शेजारी ठेवून बघा. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दंड वाजवी असला पाहिजे, करारात लिहिलेला असला पाहिजे आणि त्या दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू आहे, जुन्यांना ३० जून २०२४ पर्यंत लावायचं होतं. बचत खात्याचं वेगळं: मिनिमम बॅलन्सच्या दंडापायी खातं उणे करायला १ एप्रिल २०१५ पासून मनाई आहे.

वाट कुठलीही धरा, सुरुवात शाखेतच करा. लेखी तक्रार द्या, शिक्का मारून पोच घ्या. तोंडी सांगितलेलं पुढं कुणी धरत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, की लोकपालाकडं, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्याकडं, जाता येतं.

लोकपालाकडं फी नाही, वकील लागत नाही, तक्रार मोबाईलवरून होते. धंद्याचं खातं असलं तरी चालतं, आणि माझ्या दृष्टीनं हाच सगळ्यात मोठा फायदा. मात्र ‘व्याजदरच जास्त आहे’ अशी तक्रार तिथं टिकत नाही, तो बँकेचा व्यापारी निर्णय धरतात. ‘लिहिलंय एक, कापलंय दुसरं’ ही टिकते.

ग्राहक आयोग कोल्हापुरातच आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मनस्तापाची भरपाईही मागता येते. पण तारखा पडतात. आणि ओडी धंद्यासाठी असेल तर मुळात तुम्ही ‘ग्राहक’ ठरता का, हाच वाद उभा राहतो. शेअर दलाल श्रीकांत मंत्री यांच्या ओडीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ते ग्राहक नाहीत असंच ठरवलं. त्यामुळं लेथवाल्यानं, गुळाच्या अडत्यानं किंवा गुजरीतल्या दुकानदारानं आधी लोकपालच गाठावा. घरगुती बचत खातं असेल आणि दंडापायी चेक परत जाऊन खरंच नुकसान झालं असेल, तर आयोगाचा विचार जरूर करा.

क्रम मात्र चुकवू नका. आयोगात प्रकरण चालू असताना त्याच तक्रारीवर लोकपाल हात घालत नाही. उलट लोकपालानं नाकारलं तरी आयोगाचं दार उघडं राहतं, फक्त कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते आणि ती कुणासाठी थांबत नाही.

आपल्याकडं गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, त्यांचं काय? पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, लोकपाल तिच्याकडं बघत नाही. तिथली तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात न्यायची. पन्नास कोटींवर ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका मात्र लोकपालाच्या कक्षेत येतात.

मेहुण्यानं लोकपालाकडं तक्रार टाकली आणि तीन दंड जीएसटीसकट परत आले, १,७७० रुपये. राहिलेले दोन आम्ही मागितलेच नव्हते. ओडीच्या रिन्यूअलचे कागद त्यानंच उशिरा दिले होते, आणि तो पाचशेचा दंड मंजुरीपत्रात स्पष्ट लिहिलेला होता.