गझलेसाठी उस्तादाची इस्लाह बरी की नामवंत गझलकाराची कार्यशाळा?

लगावली (लघु-गुरूंचा क्रम) जमते, रदीफ-काफिया (शेवटी पुन्हा येणारे शब्द आणि त्याआधीचं यमक) चुकत नाहीत, अलामत (यमकातला कायम राहणारा स्वर) सांभाळली जाते. ग्रुपवर 'क्या बात' येतात, पण मुशायऱ्यात शेर पडतो. हा आढावा अशा टप्प्यावरच्यांसाठी आहे. ज्यांना अजून बोटांवर मात्रा मोजाव्या लागतात त्यांनी प्रगत कार्यशाळेची फी भरू नये. त्यांची जागा उस्तादापाशी.

इस्लाहची, म्हणजे उस्तादानं शिष्याची गझल दुरुस्त करून देण्याची, परंपरा जुनी. तरुण इक्बाल हैदराबादेत असलेल्या उर्दू शायर दाग देहलवींना टपालानं गझला पाठवत, आणि थोड्याच काळात दागनी 'आता दुरुस्तीची गरज नाही' असं कळवलं, असं सांगतात. मराठीत सुरेश भटांनी (१९३२-२००३) हेच पत्रांतून केलं. नवोदितांसाठी 'गझलेची बाराखडी'ही लिहिली. आता पत्राची जागा व्हॉट्सअ‍ॅपनं घेतली, एवढाच फरक.

दोन्हीकडे नेमकं काय होतं ते एका मतल्यावर, म्हणजे गझलेच्या पहिल्या शेरावर, बघू. नमुन्यासाठी मीच रचलाय, भुजंगप्रयात वृत्तात:

तुझ्या आठवांचा किती हा पसारा
मनाला छळे रोज हा दुष्ट वारा

लगागा (लघु-गुरू-गुरू) चार वेळा, बिनचूक. 'तुझ्या'तला तु लघुच राहतो, 'दुष्ट'मधला दु गुरू होतो, सगळं नियमात. तरी शेर मेलेला आहे. पसारा आणि वारा यांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, आणि 'दुष्ट' हा सरळसरळ भरीचा शब्द.

उस्ताद असेल तर रात्री उत्तर येईल: 'पुरेना मला या घराचा निवारा' करून बघा. पसाऱ्याला घर मिळालं, शेर उभा राहिला. पण हा मिसरा, ही ओळ, आता कोणाची? इस्लाहचा धोका इथेच आहे. वर्षभरानं तुमच्या गझलेला उस्तादाच्या गझलेचा वास येऊ लागतो, आणि तो तुम्हाला सोडून सगळ्यांना येतो.

चांगल्या कार्यशाळेत ओळ कोणी हातात देत नाही. विचारतात, "पसारा कुठे पडलाय? वारा कुठून आला?" आणि तुम्हाला गप्प बसून ऐकावं लागतं, कारण ज्याची गझल त्यानं खुलासा करायचा नाही ही अशा बैठकांची पद्धत. मुशायऱ्यात तरी कुठे खुलासा करता येतो? शिवाय दुसऱ्याच्या शेरातला भरीचा शब्द आपल्याला लगेच दिसतो, स्वतःच्या शेरातला दिसत नाही. ही नजर इस्लाहमध्ये तयार होत नाही, कारण तिथे दुसऱ्याचा शेर समोर येतच नाही. माझ्या मते कार्यशाळेचे पैसे वसूल होतात ते यामुळेच. नामवंतांसोबतच्या फोटोमुळे नाही.

आता हिशेब. दोन दिवस, रोज सहा तास, म्हणजे ७२० मिनिटं. पंचवीस जण असतील तर उद्घाटन, सत्कार, चहा, व्याख्यान यांतलं काहीही न धरता प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा ताससुद्धा येत नाही. म्हणून संख्या आधी विचारा. गझला आगाऊ मागवतात का, हेही. मागवत नसतील तर ते व्याख्यान आहे, आणि व्याख्यान यूट्यूबवर फुकट मिळतं. नामवंत गझलकार पूर्ण वेळ बसणार की दीपप्रज्वलन करून निघणार, हे तर स्पष्टच विचारावं. आयोजक रागावले तर उत्तर मिळालंच.

मार्गदर्शक हिंदी-उर्दूतले असतील तर आणखी एक खबरदारी. उर्दूत दीर्घ अक्षर ऱ्हस्व उच्चारून वजनात बसवायची मुभा आहे, मराठी गझल ती घेत नाही. तिथला खयाल (शेरातली कल्पना), रब्त (दोन ओळींतला संबंध), सादरीकरण जरूर शिकावं. वजनाचे नियम मात्र घरचेच ठेवावेत.

खर्चात इस्लाह स्वस्त, बऱ्याचदा फुकट. वेळेच्या बाबतीत मात्र उस्तादाच्या मर्जीवर.

माझा कौल: तंत्र कच्चं असेल, किंवा चारचौघांत गझल सोलली गेली तर महिनाभर लिहिणं बंद पडेल असा स्वभाव असेल, तर इस्लाह. तंत्र पक्कं आणि शेर सपाट असेल तर पंधरा जणांच्या आतली कार्यशाळा, तीही एकदाच. दर वर्षी त्याच कार्यशाळेत दिसणारे चेहरे असतात. त्यांच्या गझला फारशा हललेल्या नसतात. आणि जाताना वाहवा मिळालेली गझल नेऊ नका. तिसऱ्या शेरावर अडकून पडलेली न्या.