लेफ्ट हँड ड्रिल बिट आणि इझी आउटचा सेट, ८ महिने वापरून (जुनी ४०७, मेनीफोल्डचे तुटलेले स्टड)

सेट घेतला तेव्हाच लिहिणार होतो पण म्हटलं आधी दोन-चार गाड्यांवर वापरून तर बघू, बॉक्स उघडल्या उघडल्या पाच स्टार देणारे काय कमी आहेत. आता आठ महिने झालेत आणि मी वहीत मांडून ठेवलंय, एकूण १७ तुटके बोल्ट-स्टड काढले (स्टड म्हणजे बिनडोक्याचा, दोन्हीकडे आटे असलेला बोल्ट), त्यातले ४ माझ्याच गाडीचे, बाकी मित्रांच्या आणि शेजारपाजारच्या गाड्यांचे.

माझी गाडी टाटा ४०७, जुनी, बिनटर्बोच्या ४९७ इंजिनची (चार सिलिंडर, ९७ एमएमचा बोअर म्हणून ४९७, मोठ्या ट्रकचं ६९७ पण त्याच हिशोबाने, सहा सिलिंडर). आम्ही देवगड साइडचे, सीझनला आंब्याच्या पेट्या वाशीला, बाकी वर्षभर चिरे, सिमेंट, मांडवाचं सामान, जे भाडं मिळेल ते. खाऱ्या हवेत गंज विकत आणावा लागत नाही, आणि एक्झॉस्टच्या स्टडला तर रोज तापायचं आणि रोज थंड व्हायचं, म्हणजे बघायलाच नको.

सुरुवात अशी झाली की सकाळी थंड इंजिन चालू केलं की टिक टिक टिक आवाज, गरम झालं की कमी. एका मिस्त्रीने टॅपेट (वाल्वची गॅप) सेट करून दिले, पैसे घेतले, आवाज जिथल्या तिथे. मग फोंडाघाट चढताना केबिनमध्ये धुराचा वास यायला लागला तेव्हा टॉर्च मारून बघितलं तर चौथ्या सिलिंडरच्या पोर्टखाली काजळीचा काळा पट्टा, म्हणजे धूर तिथूनच गळत होता, आणि शेवटचा स्टड सिलिंडर हेडच्या तोंडाशीच तुटलेला. हे बहुतेक वेळा टोकालाच होतं, कारण मेनीफोल्ड (सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करणारा ओतीव पाइप, तो ह्याच स्टडांवर बसतो) तापला की लांबीला वाढतो आणि सगळी ओढाताण पहिल्या आणि शेवटच्या स्टडवर येते. बाकीचे तीन मात्र खोलताना मीच तोडले, खोटं कशाला बोलू, पाइप घालून पाना लांब केला आणि जोर लावला, दोन थोडे बाहेर राहिले, एक हेडच्या लेव्हलला गेला.

तेव्हा हा सेट मागवला. पाच लेफ्ट हँड बिट (म्हणजे उलटे, ड्रिल रिव्हर्सला टाकून मारायचे) आणि पाच इझी आउट, ते निमुळत्या उलट्या आट्यांचे, तुटक्या स्टडच्या भोकात घालून फिरवून तो काढायचे. बॉक्सवर फोटो असा की भोक पाडा, इझी आउट घाला, फिरवा, झालं. मी पण तसंच केलं. स्टड ८ एमएमचा, सव्वा पिच, भोक पाडलं जरा एका बाजूला सरकलेलं, इझी आउट ठोकून बसवला, टॅप हँडल लावून हळूच फिरवला, पाव फेरा गेल्यासारखा वाटला, मी खूश, आणि पुढच्या क्षणाला "टिक". हाताला कळतं लगेच, हँडल एकदम हलकं होतं. स्टड तिथेच आणि आत इझी आउटचा तुकडा.

ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांना सांगतो, इझी आउट इतका कडक असतो की साधं बिट त्याच्यावर नुसतं गुळगुळीत घासत बसतं. आणि तो निमुळता असल्यामुळे आत घुसताना पाचरीसारखा स्टडला आतून फुगवतो, म्हणजे जो आधीच गंजून धरलाय तो आणखी घट्ट. ८ एमएमच्या स्टडमध्ये भिंत उरते ती केवढी! कार्बाइडचं बर (कोरायचं छोटं कडक टोक) ग्राइंडरला लावून दोन तास कोरत बसलो, डोळ्यात चष्मा असून कण गेलेच, शेवटी तुकडा निघाला पण भोक लंबगोल झालं आणि आटे गेले ते गेलेच. तिथे हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी, तीच नवीन आटे होते) बसवावं लागलं.

एवढ्यावर सेट कपाटात टाकणार होतो. पण बाहेर राहिलेल्या दोन स्टडसाठी आमच्या इथल्या वेल्डिंगवाल्या आबांना बोलवलं, त्यांनी माझं ड्रिल, माझा पाना बघितला आणि म्हणाले, "झिला, गरम केल्याशिवाय तो हलाचो नाय, तुका घाय कित्याक?" बॅटरीच्या वायरी सोडायला लावल्या, अल्टरनेटरचा प्लग पण, रात्री स्टडवर मारलेलं तेल फडक्याने नीट पुसून घेतलं (भडका उडतो नाहीतर), डिझेल पाइपवर ओलं गोणपाट टाकलं. मग स्टडच्या टोकावर एक नंबर मोठा नट धरला आणि नटाच्या पोटात वेल्डिंग भरलं, कडेला नाही, आतून तळापासून. नट लालबुंद झाला. मी पाना उचलला तर हात धरला माझा. लाली जाईपर्यंत थांबले, मग मेणबत्ती नुसती टेकवली मुळाशी, मेण वितळून सर्रकन आत ओढलं गेलं, आणि मग पाना लावून आधी घट्ट करायच्या दिशेला जरासा, मग उलट, परत घट्ट, परत उलट. करकर आवाज करत आला बाहेर, आट्यांसकट अख्खा. दुसरा पण तसाच. पैसे विचारले तर चहा सांग म्हणाले.

चौथा जो लेव्हलला तुटला होता तो राहिला होता, त्यावर मी इझी आउटला हात न लावता नुसतं लेफ्ट हँड बिट वापरलं आणि इथे ह्या सेटने मन जिंकलं. फाइलने तोंड सपाट केलं, बरोबर मधोमध सेंटर पंच (ह्याला पंधरा मिनिटं लागली तरी चालतील), आधी ३ एमएम, मग ५, एकदम स्लो स्पीड, तेल सोडत. ५ एमएमचं बिट अर्ध्यात गेलं तेव्हा बिट अडकलं आणि त्याच्याबरोबर स्टडच फिरत बाहेर यायला लागला, कारण ड्रिल स्वतःच सोडायच्या दिशेला फिरतंय आणि मधे तापलेला, पोकळ झालेला स्टड पकड सोडतो. मी ड्रिल बंद करून नुसता बघत बसलो.

तर वहीतला हिशोब असा, १७ मधले ७ नुसत्या लेफ्ट हँड बिटाने, ६ नट वेल्ड करून, ३ ना हेलिकॉइल, आणि इझी आउटने फक्त १, तो पण वॉटर पंपाचा बोल्ट, जो डोकं उडालेला होता पण आत धरलेला नव्हता, तो चिमट्याने पण आला असता. अल्युमिनियमच्या हाउसिंगमधले दोन होते, पांढरी पावडर धरलेले, ते पण नट वेल्डनेच आले, वेल्डिंग अल्युमिनियमला चिकटत नाही हा फायदाच.

बिटांची तक्रार एकच, ३ एमएमचं दुसऱ्याच महिन्यात तुटलं, आणि लांबी जास्त आहे, ४०७ मध्ये मागच्या स्टडजवळ ड्रिल मशीन सरळ लागतच नाही, पुढचं टायर काढून खाली लाकडी ओंडके लावून आडवं पडून काम केलं. नव्याने घेणाऱ्याने आखूड बिट मिळतात का बघा. बाकी चार अजून धार धरून आहेत, कोबाल्टचे आहेत म्हणतात, असतील.

बसवताना नवीन ८.८ ग्रेडचे स्टड, आट्यांना कॉपर पेस्ट, नवीन गॅस्केट, मधून टोकाकडे दोन-तीन फेऱ्यांत टाइट केले. ८ एमएमला २०-२५ न्यूटन मीटर पुरे होतं, पेस्ट लावली तर त्याहून कमीच धरा, आपण सवयीने दुप्पट ओढतो आणि मग तोच परत तुटतो. पहिल्या दोन भाड्यांनंतर थंड इंजिनावर परत एकदा पाना फिरवला. आंब्याचा अख्खा सीझन गेला, हेलिकॉइलवाला सुद्धा टिकून आहे, टिकटिक नाही.

बिटांना साडेचार स्टार, इझी आउटला एक. चार इझी आउट शिल्लक आहेत, तीन तर तेलाच्या कागदातून काढलेले पण नाहीत, कोणाला हवे असतील तर येऊन घेऊन जा.