नाताळआधी घर उघडून देणारे: छपराला शाबासकी, विहिरीला नापास

आमच्या वेंगुर्ल्याकडे एक नवी सोय झाली आहे. मुंबई-पुण्याच्या चाकरमान्यांची बंद घरं सुट्टीआधी उघडायची, झाडून-पुसून, किरकोळ डागडुजी करून राहण्याजोगी करून द्यायची, असं काम चार-पाच पोरं मिळून करतात. गणपतीत आम्ही सगळे आधी जाऊन कंबर कसतो, ते वेगळं. नाताळच्या आठवड्यात मात्र लेक-जावई, नातवंडं, जावयांचे मित्र असा गोतावळा थेट कुडाळ स्टेशनावर उतरतो आणि त्याला आल्याबरोबर गरम पाणी नि जेवण हवं असतं. म्हणून या वेळी आमचं घर त्यांच्या हवाली केलं.

त्यांचं नाव लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत, गाव एवढंसं, आणि पुढल्या वर्षीही मी त्यांनाच बोलावणार आहे.

आधी छपराचं सांगते, कारण पैसे तिथेच वसूल झाले. पावसाळ्यात माकडांनी धुडगूस घालून मागच्या पडवीची कौलं सरकवली होती. छपरावर चढलेला पोरगा जेमतेम विशीतला, पण पाऊल बरोबर रिपेच्या, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीच्या, रेघेवर पडत होतं, कौलाच्या मधोमध एकदाही नाही. सरकलेलं प्रत्येक कौल उचलून त्याच्या खाचेत साठलेली माती आणि आंब्याचा पाला बोटाने काढून मग परत बसवलं. ही खाच बुजली की पाणी उलटं आत शिरतं आणि आपण उगाच कौलाला नावं ठेवतो. वासा कुठे भुसभुशीत झालाय का, तेही स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिलं. फुटक्यांच्या जागी घालायला माळ्यावरची जुनी कौलं काढली, तर त्यात एक बासेल मिशनचं निघालं, मंगलोर आणि 1865 अशा छापाचं. हे साल त्यांचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं, कौल पुढचं कधीचंही असेल. पण पोराने ते पुसून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "काकी, ह्यो नळो फेकू नकात हां, असो आता गावना नाय."

विजेचं कामही चोख. खाऱ्या वाऱ्याने इन्व्हर्टरच्या टोकांवर आलेला हिरवा थर घासून काढला. आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबून तो पडतो की नाही, ते मला दाखवलं. गॅसच्या नळीवरचं साल वाचून ती बदलायला लावली. पाच वर्षांनी बदलायची असते हे माहीत सगळ्यांना असतं, वाकून वाचतं कोण? बंद घरात मोरीच्या जाळीखालचं पाणी आटून गटाराचा वास नि झुरळं वर येतात, म्हणून प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतूनच ते आत शिरले.

आता भिंत. आमचं घर जांभ्याचं, चिरे बाहेरून उघडेच. पावसाने शेवाळ काळं पडलेलं. यांनी गाडी धुवायचा जेट पंप लावला आणि भिंत घटकाभरात लालभडक, फोटोला झकास. पायाशी पाहिलं तर लाल गाळाचं थारोळं. चिऱ्याच्या भोकांतली मऊ माती पाण्याच्या जोराने बाहेर आली होती, एका कोपऱ्यात तर दर्जाही (चिऱ्यांमधल्या सांध्यांची भरणी) निघाल्या. शेवाळ उन्हाने वाळतं, मग काथ्याच्या ब्रशने सुकंच झाडलं की पुरे. हे मी सांगेपर्यंत अर्धी भिंत धुऊन झाली होती. दर्जा भरून दिल्या, पण सिमेंटने. कुरकुर करून मग चुना घालायला लावला.

विहिरीत तर कमालच. पॅकेजमध्ये 'पाणी शुद्धीकरण' लिहिलंय, म्हणजे काय, तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा एक मग भरून थेट विहिरीत. दोन दिवस चहालाही वास. हिशेब अवघड नाही. 33 टक्के क्लोरीन असलेली चांगली पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम लागते. विहीर 3 मीटर रुंद आणि पाणी 4 मीटर खोल असेल, तर पाणी होतं सुमारे 28 हजार लिटर, म्हणजे पावडर 70 ग्रॅम. बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी विहिरीत सोडायची आणि निदान तासभर पाणी शेंदायचं नाही. पावडर दमट हवेत उघडी राहिली की तिचा जोर जातो, हेही खरं. पण म्हणून मगभर पावडर ओतणं हा त्यावर उपाय नव्हे.

वाळवीसाठी चौकटींना काजूच्या टरफलाचं तेल लावतो म्हणाले, हे आवडलं. आपल्याकडचा जुना उपाय आहे, लाकडाला चांगला. पण ते अंगाला लागलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि वास लवकर हटत नाही. घरात लहान मुलं येणार असतील तर हे काम दिवाळी झाल्या झाल्या उरकून घ्या, नाताळच्या तोंडावर नको.

खळ्याचं, म्हणजे घरापुढच्या अंगणाचं, काम त्यांना देऊच नका. त्यांच्याकडे पेव्हर ब्लॉक नाहीतर हिरवी जाळी, असे दोनच पर्याय. आमचं खळं वाडीतल्या बायकांनी चोपून, शेणाने सारवून दिलं. दवाच्या दिवसांत सकाळी सारवलं तर ते दुपारपर्यंत ओलंच राहतं, म्हणून त्या ऊन चढल्यावर आल्या. असली अक्कल कुठल्या पॅकेजात मिळत नाही.

एकूण बिल साडेनऊ हजार, कौलं आणि तेल धरून. भिंतीच्या चुन्याचे पैसे त्यांनी मागितले नाहीत, तेवढी लाज आहे. माझ्याकडून पाचातले साडेतीन तारे. साफसफाई, छप्पर, वीज बिनधास्त सोपवा, भिंत आणि विहिरीपाशी मात्र स्वतः उभे राहा.

वेळेचं म्हणाल, तर रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे 24 डिसेंबरच्या गाडीचं 25 ऑक्टोबरला. तिकीट काढाल त्याच दिवशी यांनाही फोन करा, डिसेंबर उजाडला की ते हाती लागत नाहीत. आणि तारीख ठरवताना जत्रा कधी आहे ते विचारून घ्या. कार्तिक-मार्गशीर्षात गावोगाव दशावतार रात्रभर चालतो, दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर कोणी येत नाही. आलाच, तर त्याला झाडू द्या, छपरावर चढवू नका.