फेब्रुवारीत केदारकांठा की पचमढी?
आम्ही दोघं नागपूरचे, बर्फ म्हणजे फ्रीजरमधलाच माहीत, म्हणून बायको म्हणे उत्तराखंडातलं बर्फाचं शिखर केदारकांठाच. उंची साधारण १२,५०० फूट, ट्रेक सांकरीहून सुरू होतो, पण आधी डेहराडून गाठा अन तिथून पुन्हा अख्खा दिवस गाडीत, अर्ध्या सुट्ट्या तिथेच खलास ना बाप्पा! रात्री वाटेतल्या जुडा का तालाब या तळ्याजवळ तंबूत बाटलीतलं पाणी पण गोठून जाते, अन बुटाला मायक्रोस्पाइक (बर्फात घसरू नये म्हणून लावायच्या दातेरी साखळ्या) लावल्याशिवाय पहाटेची चढाई करूच नका, स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायचे रुंद तळवे) तिकडे फारसे कोणी घालत नाही. पचमढी नागपूरहून छिंदवाडामार्गे पाच-सहा तासात, तिथलं धूपगड शिखर १,३५२ मीटर, सातपुड्यात सगळ्यात उंच, पण बर्फ बिलकुल नाही, स्वेटरवर भागते. गुडघे कुरकुरत असतील तर पचमढीच बरं. आम्ही केदारकांठा बुक केलं, थर्मल घ्यायला उद्या सीताबर्डीला जातो.