पाठीवर ‘सावा १०’ छापून देणारं जळगावचं दुकान

जळगावच्या फुले मार्केटात खेळाच्या सामानाचं एक छोटं दुकान आहे. पाटीवरचं नाव उन्हानं पार उडालंय. मी पाचोऱ्याला शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवते. यंदा संघाच्या जर्सी तिथून केल्या. पाचपैकी चार तारे.

दुकानातल्या नमुन्यांच्या वहीत धोनी, कोहली, मेस्सी, रोनाल्डो. आमच्या पोरींना हवं होतं ‘सावा’, तेही दहा नंबरसकट आणि सगळ्यांनाच. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. दुकानदारभाऊ म्हणाले, “हाई सावा कोन शे, ताई?” मी तोंड उघडायच्या आत पोरी सुरू झाल्या.

होमारे सावा, जपानची कप्तान. २०११च्या विश्वचषकाची फायनल, फ्रँकफर्टला, समोर अमेरिका. जादा वेळेतलं ११७वं मिनिट, जपान १-२नं मागे. तिच्याच संघातल्या मियामानं कॉर्नर मारला, सावा पहिल्या खांबाकडे धावली आणि बुटाच्या बाहेरच्या कडेनं चेंडू आत! मग पेनल्टीत जपान जिंकलं. त्याच वर्षी मार्चमध्ये तिकडे भूकंप आणि सुनामी येऊन गेली होती, म्हणून त्या कपाचं मोल तिथल्या लोकांना वेगळंच. स्पर्धेत सर्वाधिक गोल तिचे, सर्वोत्तम खेळाडूही तीच, आणि खेळायची मिडफिल्डला. २०१५ मध्ये निवृत्त झाली. शेवटच्या सामन्यात, जपानमधल्या एम्प्रेस कप स्पर्धेच्या फायनलला, एकमेव गोल तिनंच केला, डोक्यानं. तेव्हा आमच्यातल्या काही जणी नीट बोलतही नसतील. सगळं मोबाईलवर पाहिलेलं. पण माझ्या मते त्यांना खरी भुरळ पडली ती दुसऱ्याच गोष्टीची: पंधराव्या वर्षी देशाकडून पहिला सामना, त्यात चार गोल. यांचंही वय तेच आहे ना!

भाऊंनी सगळं ऐकलं, कागदावर ‘सावा’ लिहून अक्षरं तपासून घेतली आणि नावाचे जादा पैसे लावले नाहीत. कोल्हापुरात फुटबॉल समजावून सांगावा लागत नाही. आपल्याकडे क्रिकेट-कबड्डीच्या पलीकडचं गिऱ्हाईक दिसलं की दुकानदार कंटाळतात. हे कंटाळले नाहीत.

कापड जाळीचं, हलकं. आमच्या काळ्या मातीच्या मैदानावर एप्रिलच्या उन्हात अंगाला चिकटलं नाही. एकीच्या शून्याचा कोपरा धुतल्यावर सुटला, तो त्यांनी फुकटात पुन्हा दाबून दिला. जर्सी उलटी करून धुवा, छपाईवर इस्त्री फिरवू नका.

तारा कापला तो मापांसाठी. मुलींचं माप दुकानात नाहीच. सगळं पुरुषांचं; खांदे उतरतात, बाह्या कोपरापर्यंत येतात. मागच्या खोलीत वहिनी शिलाई मशिनवर बसतात, त्यांनी बाजू आत घेऊन दिल्या, पण त्यात दोन दिवस गेले. घाईत असाल तर आधी फोन करून सांगा. मोबाईलवरून पैसे चालतात, पावती मात्र मागावी लागते.