महालातलं बाइंडिंगचं दुकान: शिलाई पक्की, रफार गायब

मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा, महाल भागात काम घेऊन जाऊ नये, हे नागपुरात जन्म काढलेल्या बाईला कळायला हवं होतं. मी गेले. ऑटोवाल्यानं चिटणीस पार्कच्या बरंच अलीकडे उतरवून दिलं. पुढे ढोल, बडगे आणि ‘घेऊन जा गे मारबत’ची आरोळी. त्यातून वाट काढत दुकानात पोचले, तर बाइंडर दारात उभा राहून मिरवणूक बघत होता. म्हणाला, “काकू, आज कायले आल्या? खळ सुकलीच नाही अजून.”

तेव्हा पहिली नोंद ही: चार दिवस सांगितले, अकरा लागले. पावसाळ्यात पुठ्ठा दाबाखाली जास्त ठेवावा लागतो हे खरं, पण मग आधीच तसं सांगावं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एवढीच नाही आणि माणूस चांगला आहे.

काम काय होतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी एका नगर परिषदेत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी सभा शाखेत. सभागृहाच्या भिंतीवर नगराध्यक्षांचा फलक असतो ना? अनुक्रमांक, नाव, पासून, पर्यंत. निवडणूक झाली की पेंटरला बोलावून तो पुढे लिहून घेणं माझ्याकडे असायचं. त्यामुळे कुठल्याही गावात गेले की मी आधी असला फलक शोधते. मुलगा कॅन्सस राज्यात विचिटाला असतो. या उन्हाळ्यात गेलो तेव्हा एका रविवारी तो म्हणाला, “आई, तुझ्या कामाचं एक गाव दाखवतो.” ते गाव अर्गोनिया. पाचशेच्या आतली वस्ती. अमेरिकेतली पहिली महिला महापौर इथली, सुझॅना सॉल्टर. तिचं घर आता संग्रहालय आहे.

परत आल्यावर मी नादालाच लागले. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. त्यातली पानं, आम्ही काढलेले फोटो, माझी टिपणं, असे सगळे मिळून २६८ कागद झाले. ते एकत्र बांधायचे होते.

मला हवी होती जुजबंदी, म्हणजे दुमडलेल्या कागदांच्या जुड्या मधोमध शिवून केलेली बांधणी. बाइंडरनं गठ्ठा हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि नाही म्हणाला. “सुटी पानं आहेत काकू, जुज पडत नाही. मधून दुमडलेला कागद असन तरच दोरा बसते. तुमाले बाजूनं टाके घालून देतो.” बाजूनं टाके घालायचे तर डावीकडे सव्वा इंच समास लागतो. माझ्या झेरॉक्समध्ये तो अर्धा इंचही नव्हता. सगळं पुन्हा काढावं लागलं. हा खर्च मी त्याच्या नावावर टाकत नाही, पण तुम्ही जाल तेव्हा समास सोडूनच जा.

काम मात्र देखणं केलंय. फोटोंचा कागद जाड होता, तेवढ्या भागात पुस्तक फुगलं असतं. त्यानं कण्याजवळ कागदाच्या पातळ पट्ट्या घालून जाडी सारखी केली. खळीत मोरचूद टाकलंय, म्हणजे कसर लागायची नाही. उघडलं की पुस्तक टेबलावर बऱ्यापैकी सपाट राहतं. बाजूच्या शिलाईत हे सहसा होत नाही.

आणि हा माणूस बांधता बांधता वाचतो. इंग्रजी त्याला जेमतेम येतं, पण माझी टिपणं मराठीत होती. दुसऱ्या फेरीला गेले तर त्याचा पहिला प्रश्न: “ह्या बाईले वर्षाचा एकच डॉलर?”

एकच. ४ एप्रिल १८८७ ची निवडणूक. कॅन्ससमध्ये शहराच्या निवडणुकीत बायकांना मत त्याच वर्षी मिळालेलं. गावात दारूबंदीचं काम करणारी बायकांची संघटना होती, तिनं आपली यादी ठरवली. काही पुरुषांना हे खुपलं. तेव्हा उमेदवारी अर्ज आधी भरावा लागत नसे, छापील चिठ्ठ्या वाटल्या की झालं. त्यांनी संघटनेचीच यादी उचलली, वर महापौर म्हणून सुझॅनाचं नाव घातलं आणि तशा चिठ्ठ्या वाटल्या. चार मतं पडतील, हसं होईल, बायका पुन्हा या भानगडीत पडणार नाहीत, असा हिशेब. तिला स्वतःला मतदानाच्या दिवशी सकाळी कळलं. रिपब्लिकन पक्षाची माणसं घरी विचारायला गेली तेव्हा बाई कपडे धूत होत्या. निवडून आलात तर पद घ्याल का? घेईन म्हणाल्या. दोन-तृतीयांश मतं पडली. वय सत्तावीस.

“आपले देवेंद्रभाऊ बी महापौर झाले तवा तेवढेच होते,” बाइंडर म्हणाला. १९९७. बरोबर आहे.

थट्टेची ही गोष्ट सगळीकडे अशीच सांगतात, आणि ऐकायला गोड लागते. पण मला फलक वाचायची खोड. गावाला नगराचा दर्जा मिळाला १८८५ साली. पहिला महापौर ऑलिव्हर किन्सी, म्हणजे सुझॅनाचे वडील. त्याच वेळी सिटी क्लर्क झाला लुईस सॉल्टर, म्हणजे तिचा नवरा. मग थट्टा करणाऱ्यांनी कोणा अनोळखी बाईचं नाव घातलेलं नव्हतं. गावच्या पहिल्या महापौराची लेक, क्लर्कची बायको. मी नोकरीत ‘नगराध्यक्षपती’ पाहिलेत, बाईंच्या केबिनमध्ये बाईंच्याच खुर्चीवर बसून फायली चाळणारे. त्यामुळे मनात शंका आलीच. तिनं सभा नीट चालवल्या, हे त्या वेळच्या पत्रकारांनीही मान्य केलंय. न्यूयॉर्कहून आलेल्या बातमीदारानं तर तिच्या कपड्यांचं आणि टोपीचंही वर्णन लिहून पाठवलं. मात्र घरी जेवताना कोण काय बोललं, हे ना वर्तमानपत्र सांगत, ना फलक. वर्ष संपलं, ती पुन्हा उभी राहिली नाही. पुढे ओक्लाहोमात गेली आणि १९६१ साली, वयाच्या एकशेएकाव्या वर्षी वारली.

“एक डॉलरमंधी पुन्हा उभी नाही रायली ते बराबर केलं,” बाइंडर म्हणाला.

शेवटी मी वायोमिंगमधल्या जॅक्सन गावाची काही पानं जोडली होती. १९२० ची निवडणूक, महापौरासकट आख्खी परिषद बायकांची. ग्रेस मिलर ५६ विरुद्ध २८ मतांनी महापौर झाली. रोझ क्रॅबट्री परिषदेवर निवडून आली ती स्वतःच्या नवऱ्याला, हेन्रीला हरवून. हे वाचून बाइंडर म्हणाला, “जेवन भेटलं का त्याले त्या रात्री?” मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट भावली. आल्या आल्या या बायका घरोघर हिंडून थकबाकी गोळा करत सुटल्या आणि दोन आठवड्यांत तिजोरी २०० डॉलरवरून २,००० वर नेली. मार्च महिन्यात वसुली पथकाबरोबर फिरलेल्या माणसाला हे वाचून भरून येतं. ही पानं वेगळ्या गावाची आहेत हे ओळखून बाइंडरनं मधे एक गुलाबी कागद घातला. मी सांगितलं नव्हतं.

आता खरी तक्रार. कण्यावर सोनेरी अक्षरांत गावाचं नाव हवं होतं. त्याचे वेगळे साठ रुपये. मिळालं ते ‘अगोनिया’. माझ्या पोटात गोळाच आला. आमच्या फलकावर एका नगराध्यक्षांच्या आडनावाचा रफार पेंटरनं असाच खाल्ला होता, आणि ते पाच वर्षं दर सभेला माझ्याकडे बघायचे.

बाइंडरनं अक्षरांच्या खिळ्यांचा खोका समोर ठेवला. ठसे हातानं जुळवून, तापवून दाबतात. ओकारावर रफार असलेला ठसा त्याच्याकडे नाही. वडिलांच्या वेळी होता, हरवला. नवा कुठे मिळत नाही, कारण सगळ्यांचं काम आता कॉम्प्युटरवर चालतं. मी म्हटलं, मग विचारायचं तरी. तो गप्प राहिला. मग म्हणाला, “उद्या या.”

दुसऱ्या दिवशी कण्यावर नवी पट्टी होती, जुन्याचा मागमूस नाही, आणि अक्षरं सुबक: ‘आरगोनिया’. साठ रुपये त्यानं परत केले. मी घेतले नाहीत, मग त्यानं त्यातून मला चहा पाजला.

एकूण ४८० रुपये. दुपारी चारनंतर जा, तोवर तो शिवत असतो आणि मान वर करत नाही. पोळ्याच्या आधी किंवा दसऱ्यानंतर काम द्या. आणि कण्यावर नाव घालायचं असेल तर शक्यतो जोडाक्षर नसलेलं निवडा.